मिशिगनचा दर सोळा वर्षांनी येणारा प्रश्न: कॉन-कॉनला ‘हो’ म्हटलं तर नेमकं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे. मिशिगनमधल्या नोव्हीत राहणारे, दोन वर्षांपूर्वी अमेरिकन नागरिक झालेले एक गृहस्थ विचारतात: “३ नोव्हेंबर २०२६ च्या मतपत्रिकेवर राज्याची घटना परिषद, म्हणजे कॉन-कॉन, बोलवायची का, असा प्रश्न येणार आहे. आमच्या ग्रुपवर दोन फॉरवर्ड फिरतायत. एक म्हणतो, ‘हो’ केलं की आत्ताचं संविधान रद्द, सगळे हक्क गेले. दुसरा म्हणतो, ‘हो’ करा, प्रॉपर्टी टॅक्स कायमचा जाईल. पुण्याहून बाबा विचारतात, राज्याला कसलं आलंय वेगळं संविधान? यातलं खरं काय? आणि पक्षाचा एकच गोल भरला तर या प्रश्नालाही मत जातं का?”

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण चुका सगळ्यात जास्त तिथेच होतात. नाही, जात नाही.

मिशिगनच्या मतपत्रिकेवर अगदी वर ‘स्ट्रेट पार्टी’ म्हणून एक विभाग असतो. तिथला एक लंबगोल काळ्या पेनानं भरला की गव्हर्नरपासून खालपर्यंत त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं. पण ते फक्त पक्षाच्या तिकिटावरच्या जागांपुरतं. त्यापुढे पक्षाविना लढवल्या जाणाऱ्या जागा येतात, त्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीशही आले, आणि सगळ्यात शेवटी ‘प्रपोजल’ म्हणजे थेट जनतेपुढे ठेवलेले प्रश्न. ते बहुतेक वेळा कागदाच्या मागच्या बाजूला ढकलले जातात. मी शहरं आणि टाउनशिप (इथल्या गावपातळीच्या स्थानिक संस्था) यांचा वकील म्हणून पोट भरतो आणि निवडणुकीच्या दिवशी ओकलंड काउंटीत केंद्रावर अधिकारी म्हणून बसतो. २०१० साली हाच प्रश्न मतपत्रिकेवर होता तेव्हाही बसलो होतो. एक आजोबा आले, पहिला गोल भरला आणि दोन मिनिटांत कागद यंत्रात सरकवायला निघाले. आम्ही सगळ्यांना सांगतो तेच त्यांनाही सांगितलं, “मागची बाजू बघितलीत का?” त्यांनी कागद उलटला, बराच वेळ वाचला आणि मला विचारलं, “हे कॉन-कॉन म्हणजे काय?” केंद्रावर बसलेल्या माणसाला याचं उत्तर देता येत नाही. अर्थ सांगायला गेलं की प्रचार होतो. त्यांनी खांदे उडवले आणि जागा कोरी ठेवून कागद यंत्रात घातला. यंत्र कोरी जागा खुशाल घेतं, तक्रार करत नाही. त्या दिवशी मी गप्प बसलो होतो, म्हणून आज जरा जास्त लिहितोय असं समजा.

(कॉन-कॉन हा इथला बोलीतला शब्द, कॉन्स्टिट्यूशनल कन्व्हेन्शनचं लाडकं रूप. मराठीत मी ‘घटना परिषद’ म्हणेन.)

आता बाबांचा प्रश्न. तो रास्तच आहे, कारण महाराष्ट्राला स्वतःचं संविधान नाही. आपल्याकडे राज्याचं विधिमंडळ, राज्यपाल, उच्च न्यायालय हे सगळं दिल्लीत लिहिलेल्या एकाच ग्रंथात बसवलेलं आहे. अमेरिकेत पन्नास राज्यं आणि प्रत्येकाची घटना वेगळी. मिशिगनच्या तर आजवर चार झाल्या: १८३५, १८५०, १९०८ आणि सध्याची, जी १९६३ साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १९६४ पासून लागू आहे. या घटना देशाच्या संविधानाच्या खालीच असतात. त्यामुळे मिशिगननं काहीही ठरवलं तरी तुमचा व्हिसा, ग्रीनकार्ड, फेडरल टॅक्स, यातल्या कशालाही धक्का लागत नाही. पण शाळेचा पैसा कुठून येणार, गव्हर्नर किती वर्षं बसणार, मतदारसंघांच्या सीमा कोण आखणार, युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनचं नियामक मंडळ कोण निवडणार, फाशी असावी का नसावी, हे सगळं राज्याच्या घटनेत आहे. फाशी इथे १८४६ साली कायद्यानं गेली, देशद्रोहाचा अपवाद ठेवून. १९६३ च्या घटनेनं तर असा कायदाच करता येणार नाही असं लिहून ठेवलं.

राज्याची घटना किती जवळची असते याचा एक नमुना देतो, कारण तो तुमच्या दुसऱ्या फॉरवर्डशी जोडलेला आहे. समजा, तुम्ही गेल्या वर्षी घर घेतलंत. शेजारचं घर त्याच बिल्डरचं, तोच नकाशा, तेवढीच बेसमेंट, फक्त त्यांनी ते २०१२ साली घेतलं. जुलैचं आणि डिसेंबरचं टॅक्सचं बिल शेजारी शेजारी ठेवून बघा. तुमचा आकडा त्यांच्यापेक्षा बराच मोठा निघेल. ही कुणा असेसरची, म्हणजे घराचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याची, खोडी नाही, घटनेच्या नवव्या प्रकरणाचं तिसरं कलम आहे. १९९४ साली ‘प्रपोजल ए’ नावाच्या दुरुस्तीनं ठरलं की घराचं करपात्र मूल्य एका वर्षात महागाईच्या दरापेक्षा किंवा पाच टक्क्यांपेक्षा, जे कमी असेल त्यापेक्षा, जास्त वाढवायचं नाही. घर विकलं गेलं की ही वेसण सुटते आणि तिच्यामुळे खाली राहिलेलं मूल्य वर, बाजारभावाच्या निम्म्यावर येऊन बसतं. माझ्याकडे दर मार्चला, बोर्ड ऑफ रिव्ह्यूच्या (मूल्याविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाच्या) दिवसांत, कुणी ना कुणी मराठी माणूस हातात नोटीस घेऊन विचारायला येतो, “विक्रेत्याचा टॅक्स बघून बजेट केलं होतं हो, हे दुप्पट कसं झालं?” असंच झालं, घटनेमुळे झालं.

याच्या जोडीला १९७८ ची ‘हेडली’ दुरुस्ती. तिचं सूत्र असं की शहरातल्या मालमत्तांचं एकूण मूल्य महागाईपेक्षा जास्त वाढलं तर कराचा दरच आपोआप खाली येतो. दोन्ही दुरुस्त्या घरमालकाच्या दृष्टीनं चांगल्या. पण २००८ नंतर घरांच्या किमती कोसळल्या तेव्हा शहरांचं उत्पन्न लिफ्टनं खाली आलं, आणि वर जाताना मात्र त्यांना जिना चढावा लागला, तोही एकेक पायरी. अग्निशमन दलातली माणसं कमी करायची की ग्रंथालय आठवड्यात तीन दिवस बंद ठेवायचं, अशा बैठकांना मी बसलोय. दोन्ही दुरुस्त्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या रागातून केलेल्या. त्या एकमेकींवर कशा आदळतील हे कुणी एका टेबलावर मांडून बघितलंच नव्हतं. घटना परिषद हवी म्हणणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे, आणि तो फॉरवर्डमध्ये कधी येत नाही: ठिगळं लावणारे वेगळे आणि अंगरखा शिवणारा वेगळा.

म्हणून ‘हो केलं की प्रॉपर्टी टॅक्स जाईल’ हे खोटं. ‘हो’ केल्यानं या मतपत्रिकेवर काहीच बदलत नाही. प्रश्न एवढाच असतो की घटनेची सर्वांगानं फेरमांडणी करायला निवडून दिलेल्या प्रतिनिधींची परिषद भरवायची का. काय लिहायचं, हे त्यात नसतं. आणि नसतं हाच त्यातला धोका आहे आणि हीच त्यातली गंमत आहे.

‘आत्ताचं संविधान रद्द’ हेही खोटं. क्रम बघा. या प्रश्नावर जेवढी मतं पडतील त्यांच्यात बहुमत ‘हो’चं झालं तर निकाल जाहीर झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत प्रतिनिधींची निवडणूक घ्यावी लागते. राज्य विधिमंडळाची हाऊस आणि सेनेट अशी दोन सभागृहं आहेत; प्रत्येक हाऊस मतदारसंघातून एक आणि प्रत्येक सेनेट मतदारसंघातून एक, म्हणजे ११० अधिक ३८, एकूण १४८ माणसं. निवडणूक पक्षाच्या तिकिटावर. मग ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी ते राज्याच्या राजधानीत, लॅन्सिंगला, जमणार. यंदा ‘हो’ झालं तर ती तारीख ५ ऑक्टोबर २०२७ पडते. कामकाज किती महिने चालेल याला बंधन नाही. मसुद्याला सगळ्या प्रतिनिधींच्या बहुमताची मान्यता लागते, नावानिशी. मग परिषद संपल्यावर निदान ९० दिवसांनी तो मसुदा पुन्हा तुमच्यापुढे येणार, ‘हो’ किंवा ‘नाही’साठी. तोपर्यंत १९६३ ची घटना एका अक्षराचाही फरक न होता चालू. शेवटी लोकांनी ‘नाही’ म्हटलं तर ती तशीच पुढे चालू.

म्हणजे यंदाचं ‘हो’ हे एक मत नाही, तीन मतांचा वायदा आहे. मी लोकांना हेच सांगतो आणि लोकांना नेमकं हेच कंटाळवाणं वाटतं. पहिलं मत नोव्हेंबरात, जेव्हा गव्हर्नरची निवडणूक असते आणि रांगा लागतात. तिसरं मत मसुद्यावर, तेव्हाही पेपरात गाजावाजा असेल. मधलं मत म्हणजे प्रतिनिधींची निवडणूक. ती वसंतात कधीतरी एकटीच येणार, बरोबर ना गव्हर्नर, ना प्रेसिडेंट. वसंतातल्या निवडणुकांना मी केंद्रावर बसलोय. दुपारी आम्ही अधिकारी आपसात डबे वाटून खातो, एवढा निवांतपणा असतो. आणि घटना लिहिणारी १४८ माणसं ठरणार त्या दिवशी.

मागे खरंच असं झालं तेव्हाची कथा थोडी विस्तारानं सांगतो, कारण सध्याची घटना तिथून आली.

१९५९ च्या मे महिन्यात मिशिगननं आपल्या कर्मचाऱ्यांचा एक पगार वेळेवर दिला नाही. मोटारींच्या कारखान्यांचं, श्रीमंत राज्य, आणि तिजोरीत खडखडाट. गव्हर्नर मेनन विल्यम्स आणि विधिमंडळ यांच्यात कोणता कर लावायचा यावरून ओढाताण चालू होती. देशभर हसं झालं. जुनी, १९०८ ची घटना बदलायला हवी असं लोकांना वाटत होतंच. १९४८ आणि १९५८ साली परिषदेच्या बाजूनं विरोधापेक्षा जास्त मतंही पडली होती. तरीही दोन्ही वेळा प्रस्ताव पडला, कारण तेव्हाचा नियम होता की निवडणुकीत मतदान करणाऱ्या सगळ्यांच्यात बहुमत हवं. ज्यांनी ती जागा कोरी सोडली त्यांचं मत आपोआप ‘नाही’त धरलं जायचं. मग लीग ऑफ विमेन व्होटर्स आणि जेसीज या संघटनांनी सह्या गोळा करून १९६० मध्ये हा नियमच बदलून घेतला. १९६१ च्या एप्रिलात थोडक्या फरकानं ‘हो’ झालं.

१४४ प्रतिनिधी निवडून आले: ९९ रिपब्लिकन, ४५ डेमोक्रॅट. राज्यात दोन्ही पक्ष तुल्यबळ असताना हे असं, कारण मतदारसंघ विधिमंडळाचेच होते आणि ते ग्रामीण भागाकडे झुकलेले होते. परिषद ज्या दोषावर उपाय शोधायला भरली, तोच दोष परिषदेच्या रचनेत उतरला होता. उपाध्यक्षांपैकी एक होते अमेरिकन मोटर्सचे प्रमुख जॉर्ज रॉम्नी. त्यांनी तिथे नाव कमावलं आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये गव्हर्नर झाले. (मिट रॉम्नींचे वडील.) दुसऱ्या बाकावर होते कोलमन यंग, जे पुढे डेट्रॉईटचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले.

काम बरंच झालं. गव्हर्नरची मुदत दोनवरून चार वर्षांची झाली. सरकारी खात्यांचं जंगल आवरून जास्तीत जास्त २० मुख्य खाती ठेवायची असं ठरलं. नागरी हक्क आयोग थेट घटनेत घातला, जे त्याआधी कोणत्याही राज्यानं केलं नव्हतं. आयकर लावायचा तर सगळ्यांना एकच दर, चढता दर नाही, हेही तिथेच ठरलं आणि आजही तसंच आहे. पण सगळ्यात कडाक्याचं भांडण झालं ते राज्य सेनेटच्या जागांवरून. तडजोड निघाली ती ८०-२० ची: जागावाटपात ८० टक्के वजन लोकसंख्येला, २० टक्के जमिनीच्या क्षेत्रफळाला. यावरूनच डेमोक्रॅट पक्षानं अख्ख्या मसुद्याला विरोध केला. १ एप्रिल १९६३ ला मतदान झालं आणि सोळा लाखांवर मतांमध्ये जेमतेम साडेसात हजारांच्या फरकानं घटना मंजूर झाली. जानेवारी १९६४ मध्ये ती लागू झाली, आणि त्याच जूनमध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टानं ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’ निकालात सांगितलं की विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे मतदारसंघ लोकसंख्येवरच हवेत, जमीन मत देत नाही. ज्या कलमावरून घटना बुडता बुडता वाचली, ते सहा महिन्यांत निकामी झालं.

घटना लिहिणाऱ्यांना आपण कशावरून भांडायला हवं हे त्या वेळी कळत नाही, हे मी या प्रकरणातून शिकलो. नागरी हक्क आयोगावर एवढी आदळआपट झाली नव्हती, पण तो टिकला.

ही सोळा वर्षांची भानगड कुठून आली, तेही सांगतो, कारण त्यात तुमच्या बाबांना आवडेल असा एक धागा आहे. थॉमस जेफरसनचं मत होतं की जग जिवंत माणसांचं आहे, मेलेल्यांनी त्यांच्यावर कायद्यांचं ओझं ठेवू नये. १८१६ च्या एका पत्रात त्यानं युरोपातले मृत्यूचे तक्ते घेऊन हिशेब केला: आज जिवंत असलेल्या प्रौढांपैकी निम्म्याहून जास्त लोक सुमारे एकोणीस वर्षांत जातात, म्हणजे तेवढ्या काळात बहुमत बदलतं, तेव्हा दर एकोणीस-वीस वर्षांनी घटनेकडे पुन्हा बघायची सोय घटनेतच असावी. देशाच्या संविधानानं हे घेतलं नाही. राज्यांनी घेतलं. मिशिगनच्या १८५० च्या घटनेत सोळा वर्षांचा आकडा आला: १८६६ पासून दर सोळा वर्षांनी. सध्याच्या घटनेनं १९७८ पासून नव्यानं मोजायला सुरुवात केली: १९७८, १९९४, २०१०, २०२६. आज अशी चौदा राज्यं आहेत, कुठे दहा वर्षांनी, कुठे वीस.

आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीपुढच्या शेवटच्या मोठ्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी याच जेफरसनचा दाखला दिला होता, प्रत्येक पिढी म्हणजे जणू एक वेगळं राष्ट्र, मागच्या पिढीला पुढचीला बांधून टाकायचा हक्क नाही. हे मत आपल्याला पूर्ण मान्य आहे असं ते म्हणाले. मात्र त्यांनी काढलेला मार्ग वेगळा होता: ठरावीक वर्षांनी लोकांना विचारण्याऐवजी दुरुस्ती करणं तुलनेनं सोपं ठेवायचं, म्हणजे ३६८ वं कलम. भारतानं तिथून २०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या केल्या. एकाच विचाराला दोन फांद्या फुटल्या, एक मुंबईच्या राजगृहाकडे गेली, एक लॅन्सिंगकडे. बाबांना हे सांगा, फॉरवर्डपेक्षा बरं वाटेल त्यांना.

आता लोक काय म्हणत आलेत? ‘नाही’. १९७८ ला सुमारे ७७ टक्के, १९९४ ला ७२, २०१० ला ६७ टक्के ‘नाही’. बाकीच्या राज्यांतही हेच. लोकांनी बोलावलेली, लोकांनी प्रतिनिधी निवडलेली राज्याची शेवटची परिषद ऱ्होड आयलंडमध्ये १९८६ साली झाली. त्यानंतर एकही नाही. त्या परिषदेनं चौदा प्रश्न लोकांपुढे ठेवले, लोकांनी आठ घेतले, सहा टाकले. टाकलेल्यांत गर्भपातावर बंदी आणू पाहणारी दुरुस्तीही होती. ‘परिषद म्हणजे हक्क गेले’ म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. शेवटचं फाटक लोकांच्याच हातात असतं.

तरी लोक घाबरतात, आणि का घाबरतात ते न्यूयॉर्कमध्ये २०१७ साली लख्ख दिसलं. तिथे वीस वर्षांनी प्रश्न आला होता. कामगार संघटनांना निवृत्तिवेतनाचं संरक्षण जाईल अशी भीती, पर्यावरणवाल्यांना ॲडिरॉन्डॅकची जंगलं ‘कायम रानच’ ठेवणाऱ्या १८९४ च्या कलमाची काळजी, गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे एकीकडे घाबरलेले आणि बंदूकवाले दुसरीकडे. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे सगळे एका तंबूत. प्रत्येकाची आपली एक झाकली मूठ, सव्वा लाखाची. सुमारे ८३ टक्के ‘नाही’ झालं. गंमत म्हणजे न्यूयॉर्कमध्ये लोकांना सह्या गोळा करून थेट घटनादुरुस्ती मांडायची सोय नाही. विधिमंडळाला वळसा घालायचा तर परिषद हाच एक रस्ता, आणि तोच त्यांनी बंद केला.

मिशिगनमध्ये तो रस्ता उघडा आहे, आणि मला हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इथे घटना बदलायची तीन दारं आहेत. एक, विधिमंडळाची दोन्ही सभागृहं दोन तृतीयांशांनी दुरुस्ती लोकांपुढे पाठवतात. दोन, नागरिक सह्या गोळा करतात, मागच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या मतांच्या दहा टक्के. सध्या हा आकडा ४,४६,१९८ आहे. तीन, घटना परिषद. दुसरं दार करकरत नाही, चांगलं तेल घातलेलं आहे. २०१८ मध्ये मतदारसंघांच्या सीमा आखायचं काम आमदारांच्या हातून काढून नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे गेलं ते या दारानं. २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क आणि नऊ दिवसांचं आगाऊ मतदान घटनेत आलं तेही याच दारानं.

माझं स्वतःचं सांगतो, लपवून काय करायचं? २०१० ला मी ‘हो’ केलं होतं. शहरांची दशा रोज बघत होतो, हेडली आणि प्रपोजल ए एकत्र बसून सोडवल्याशिवाय सुटणार नाही असं वाटत होतं. अजूनही वाटतं. पण यंदा माझा कल ‘नाही’कडे आहे. माझी भीती फॉरवर्डवाली नाही. १४८ माणसं पक्षाच्या तिकिटावर, सुस्त मतदानाच्या दिवशी निवडली जाणार आणि त्यांना विषयांची मर्यादा घालता येणार नाही. परिषद ‘फक्त कराच्या कलमांसाठी’ बोलावता येत नाही. एकदा भरली की पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत सगळं टेबलावर. सीमा आखणाऱ्या आयोगाचं कामही आणि गर्भपाताचं कलमही, आयकराचा एकच दरही. माझ्या ओळखीतले एक निवृत्त टाउनशिप क्लार्क (इथे निवडणुकांचं काम बघणारा स्थानिक अधिकारी) याच्या अगदी उलट मताचे आहेत. ते म्हणतात, “सह्यांचं दार ज्याच्याकडे सह्या गोळा करायला पैसे आहेत त्याचं आहे. परिषदेत निदान नावानिशी मत द्यावं लागतं.” त्यांच्या म्हणण्यात दम आहे. सह्या गोळा करायला हल्ली पगारी माणसं लागतात, ग्रोसरीच्या दारात क्लिपबोर्ड घेऊन उभी असतात ती.

दोन्ही बाजूंना मान्य असलेलं एक वैगुण्यही आहे. घटनेत मेलेली कलमं तशीच पडून आहेत. २००४ साली लग्न म्हणजे फक्त एक पुरुष आणि एक स्त्री असं कलम घातलं गेलं. २०१५ मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ते निरर्थक झालं, पण शब्द छापलेले आहेतच. विद्यार्थी पुस्तक उघडतात आणि विचारतात, हे लागू आहे का? साफसफाईसाठी परिषद भरवणं म्हणजे माशी मारायला तोफ, पण साफसफाई कुणी करतही नाही.

‘कोरी जागा’ याबद्दल अजून एक. आज मिशिगनमध्ये कोरं मत कुठेच मोजलं जात नाही, ना ‘हो’त, ना ‘नाही’त. हवाईत १९९६ ला ‘हो’ची मतं ‘नाही’पेक्षा साडेतीन हजारांहून थोडी जास्त होती. पण पंचेचाळीस हजार मतपत्रिकांवर ती जागा कोरी होती. राज्याच्या सुप्रीम कोर्टानं ठरवलं की कोरीसुद्धा मोजायची, आणि ‘हो’ हरलं. मेरीलँडमध्ये २०१० ला असंच झालं, प्रश्नावर बहुमत ‘हो’चं, तरी एकूण मतदारांत बहुमत नाही म्हणून परिषद नाही. इथे तसं नाही. तुम्ही कोरं ठेवलंत तर निकाल उरलेले लोक लावतील, एवढंच.

थोडं व्यवहाराचं. तुमच्याकडे पोस्टाचं मतपत्र येणार असेल तर ते निवडणुकीच्या चाळीस दिवस आधीपासून मिळतं. घरी, दिवाणखान्यात बसून मागची बाजू वाचा. नोंदणी राहिली असेल तर अगदी निवडणुकीच्या दिवशीही शहराच्या किंवा टाउनशिपच्या क्लार्ककडे जाऊन करता येते. आणि ग्रुपमधल्या ग्रीनकार्डवाल्यांना, एच-वन-बी वाल्यांना स्पष्ट सांगा: ड्रायव्हिंग लायसन्स काढताना कुणी मतदार नोंदणीबद्दल विचारलं तर ‘नागरिक नाही’ एवढंच उत्तर. चुकून नोंदणी झाली, मत दिलं, तर पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत ते प्रकरण गळ्याशी येतं. मी असे दोन जण पाहिलेत. दोघांचा हेतू स्वच्छ होता, आणि दोघांची वर्षं गेली.

सिटिझन्स रिसर्च कौन्सिल ऑफ मिशिगन नावाची एक जुनी, कुठल्याही पक्षाची नसलेली संस्था घटनेच्या एकेका प्रकरणावर सोप्या भाषेत टिपणं काढते. नवव्या प्रकरणापासून वाचा, कर तिथे आहेत. वाचून झालं की डिसेंबरचं बिल शेजारी ठेवा, आणि जमलं तर शेजाऱ्याचंही मागून घ्या. चहा पाजलात तर तो दाखवेल.